पोट्ट्यांचे लग्न काऊन जमत नाहीत? गावातला सामाजिक प्रश्न अभ्यासायचा कसा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं विदर्भात कोणत्याही गावात जा, पानठेल्यावर, एसटीत, पार मौतीला जमलेल्या लोकांत सुद्धा विषय एकच, कास्तकाराच्या पोट्ट्याले पोरगी भेटत नाही. तीस-बत्तीस वर्षांचे पोट्टे घरोघरी आहेत, पाच-सात एकर वावर आहे, व्यसन नाही, आणि तरी सोयरिक जमत नाही. कारणं सगळ्यांकडं तयारच असतात, पोरींचे नखरे वाढले, मोबाईलनं डोकं फिरलं, मायबापालेच पुण्याचा कंपनीवाला जावई पाहिजे. मग समाजशास्त्राचा एखादा विद्यार्थी, एमएसडब्ल्यूवाला, किंवा गावातलाच कोणी तळमळीचा पोरगा यावर प्रोजेक्ट घेतो, प्रश्नावली काढतो, त्यात प्रश्न असतो "मुलींच्या वाढत्या अपेक्षा हे कारण आहे असे वाटते का, होय की नाही", बहुतेक लोक होय म्हणतात, त्याचा पाय चार्ट होतो आणि निष्कर्ष म्हणून पानठेल्यावरचीच गोष्ट टक्केवारीत परत येते. लोकांना काय वाटतं ते कळलं, पण हे का होऊन राहिलं ते कळलंच नाही.

मला हे फार लागतं, कारण प्रश्न खरा आहे, घरंच्या घरं त्यात झुरत आहेत, आणि कारण चुकीचं पकडलं की उपाय पण चुकीचाच निघतो, "पोरीले जास्त शिकवूच नका" इथपर्यंत लोक येऊन ठेपतात. म्हणून हाच विषय हातात घेऊन तो सुरुवातीपासून कसा न्यायचा ते सांगतो. तुमचा विषय दारूचा असो, शाळागळतीचा असो की मजूर बाहेरगावी जाण्याचा, रीत तीच राहते.

आधी "कोणाची चूक" बाजूला ठेवा

सी. राइट मिल्स नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५९ साली एक फरक मांडला आणि अजूनही समाजशास्त्राची सुरुवात बरेचदा तिथूनच होते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची स्वतःची अडचण, त्याचा स्वभाव बघा, त्याला काय काम येतं ते बघा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधून काही हाती लागत नाही, तिथं कामधंद्याची घडीच विस्कटलेली असते. त्यानं लग्नाचंही उदाहरण दिलंय, एका नवरा-बायकोचं पटत नाही हे त्यांचं खाजगी, पण लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत हजारातली अडीचशे लग्नं मोडत असतील तर मग विवाह आणि कुटुंब याच व्यवस्थेत काय चाललंय ते बघावं लागतं.

आपल्या जवळचं बघायचं तर २०१७ घ्या. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पहिलं वाक्य सगळीकडं एकच होतं, हातमोजे नाही घातले, तोंडाला नाही बांधलं. हे खोटं नाही. पण एक पायरी मागं जा. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, म्हणजे फवारा पानावर मारला की अंगावरच येणार. बोंडअळी लागणार नाही म्हणून जे बीटी बियाणं २००२ पासून आलं, त्यावरच गुलाबी बोंडअळी आलेली, म्हणून औषधावर औषध, दोन-तीन एकत्र कालवून. कोणतं औषध किती मारायचं हे सांगणारा कोण, तर कृषी केंद्रवाला, कारण कृषी सहायकाकडं इतकी गावं की तो वावरापर्यंत पोचतच नाही. आणि पंप पाठीवर घेणारा बरेचदा रोजानं आलेला मजूर, त्याचं वावर नाही, पंप नाही, किट नाही, ढगाळ उकाड्यात रबरी कपडे घालून काम होत नाही आणि एक दिवस नाही म्हटलं तर रोज बुडते. आता हातमोजे कुठं बसतात ते बघा, साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर. अभ्यास तिथंच थांबला तर मेलेल्या माणसालाच दोषी धरून आपण मोकळे होतो.

म्हणून कोणत्याही विषयाचं पहिलं काम हे, तुमच्या मनात आणि गावाच्या तोंडात जी तयार कारणं आहेत ती सगळी एका पानावर लिहून काढायची. नखरे, मोबाईल, आईचा हट्ट, काय असेल ते. ती फेकायची नाहीत, ती तपासायची आहेत. त्या पानावर प्रत्येक कारणापुढं एवढंच लिहा की हे खरं असेल तर गावात काय दिसायला पाहिजे.

तक्रारीचा प्रश्न करायचा कसा

"काऊन जमत नाही" हा प्रश्न फार मोठा आहे, त्याला कोणीही काहीही उत्तर देऊ शकतो. त्याचे तुकडे करा. कोणाचं जमत नाही, कोणाचं जमतं, हे कधीपासून, आणि बोलणी नेमकी कुठं अडतात. यातला "कोणाचं जमतं" हा प्रश्न लोक विसरतात आणि खरी गंमत तिथंच आहे, कारण ज्यांचं जमलं त्यांना बघितल्याशिवाय ज्यांचं नाही जमलं त्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

ही रीत दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची. १८९७ साली त्यानं आत्महत्येवर पुस्तक लिहिलं, म्हणजे माणसाची जी सगळ्यात खाजगी गोष्ट वाटते तीच त्यानं निवडली, आणि तो एकेकाच्या दुःखात गेलाच नाही, त्यानं गटागटांचे दर एकमेकांशेजारी ठेवले. प्रोटेस्टंट लोकांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, आणि दरवर्षी हा फरक साधारण तसाच. माणसं बदलतात, मरणारे दरवर्षी वेगळे, तरी गटाचा दर टिकून राहतो, याचा अर्थ कारण त्या गटाच्या जगण्यात आहे, माणूस आपल्या लोकांशी किती बांधलेला आहे त्यात आहे.

आता हेच गावात करा. एक मोठी वही घ्या, पंचवीस ते चाळीस वयाचा प्रत्येक पुरुष एक ओळ, लग्न झालेला-न झालेला दोन्ही. पुढं रकाने पाडा, वावर किती, ओलीत की कोरडवाहू, भाऊ किती, लग्नाच्या बहिणी राहिल्या का, शिक्षण, शेतीशिवाय दुसरं काही करतो का, घर कसं, जात, गावातल्या कोणत्या भागात राहतो. शे-दीडशे ओळी झाल्या की वही बोलायला लागते, खरंच. भूमिहीन मजुराचा पोरगा जो नागपूरला किंवा पुण्याला कामाला गेला त्याची ओळ आणि सात एकरवाल्याची ओळ शेजारी ठेवा, गावाचा जो समज आहे की वावर असलं म्हणजे पोरगी भेटते, तो तिथं टिकतो का बघा.

जमलं तर दोन गावं घ्या. एक वरुड-मोर्शीकडचं, संत्र्याचं, विहिरी-बोअरच्या ओलिताचं, आणि एक यवतमाळ किंवा वाशिमकडचं निव्वळ पावसावरचं, कापूस-तूर-सोयाबीन. मोबाईल दोन्हीकडं आहे, टीव्ही दोन्हीकडं, पोरी दोन्हीकडं शिकतात. नखरे हेच कारण असेल तर दोन्ही गावांत न जमलेल्यांचं प्रमाण सारखंच यायला पाहिजे. फरक आला तर पाणी, पीक आणि हातात येणारा पैसा याकडं वळा. फरक नाही आला तर माझ्यासारख्याला जो पाण्याचा संशय आहे तो सोडावा लागेल, आणि सोडायचा, उगाच ओढून ताणून आकडा बसवायचा नाही.

"कधीपासून" यासाठी म्हाताऱ्या माणसांकडं बसा. त्यांना विचारा की तुमच्या लग्नात सासऱ्यानं काय पाहिलं होतं. बहुतेक सांगतील वावर पाहिलं, बैलजोडी पाहिली, घरात माणसं किती ते पाहिलं. मग कृषी गणनेचा आकडा समोर ठेवा, महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. एकरात बोलायचं तर साडेदहा एकरावरून सव्वातीन एकर. आजोबाच्या वेळचा "कास्तकार नवरदेव" आणि आजचा "कास्तकार नवरदेव" हे एकाच नावाचे पण दोन वेगळे माणसं आहेत. वाटण्या होत होत एका भावाच्या वाट्याला जे येतं त्यात कोरडवाहू कापसावर एक घर वर्षभर चालत नाही, हे पोरीच्या बापाला तोंडी हिशोबानं माहीत असतं.

आकडे कुठं भेटतात आणि ते काय लपवतात

सगळ्यात आधी मतदार यादी. त्यात वय आहे, बाई-माणूस आहे, आणि बायांच्या नावापुढं बरेचदा नवऱ्याचं नाव असतं. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याकडं घरोघरचं सर्वेक्षण असतं, आणि रजिस्टरपेक्षा जास्त त्यांच्या डोक्यात असतं, पण त्यांचं काम मोडून त्यांना बसवून ठेवू नका, वेळ मागून जा. गावात विवाह नोंदणीचं काम १९९८ च्या कायद्यानं ग्रामसेवकाकडं आहे, ते रजिस्टर बघायला मिळालं तर बघा, फक्त हे ध्यानात ठेवा की बरेच लग्न तिथं नोंदलेच जात नाहीत. सातबारा आता महाभूलेखवर दिसतो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पोरी कोणत्या वर्गात शाळा सोडतात ते सांगतं.

जनगणनेचे गाववार आकडे २०११ चे आहेत, २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळं जुन्यावरच भागवावं लागतं. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. आता २००१ मध्ये जी लेकरं शून्य ते सहाची होती ती आज लग्नाच्या वयात आहेत, म्हणजे शंभर पोट्ट्यांमागं नऊ-एक पोरी आधीच कमी. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे ज्या पिढीला आज पोरगी भेटत नाही त्या पिढीच्या पोरी कुठं गेल्या याचं थोडं उत्तर त्या वर्षांच्या सोनोग्राफी सेंटरात आहे. थोडंच, पूर्ण नाही. कारण नुसती संख्याच कमी असती तर नोकरीवाल्यालाही पोरगी भेटली नसती, आणि त्याला तर दहा स्थळं येतात. कमी पडलेल्या पोरींचा तुटवडा कोणाच्या माथी बसतो, हा समाजशास्त्राचा प्रश्न.

राज्याचा आकडा आपल्या गावाला लावू नका. चारशे घरांच्या गावात त्या वयोगटात मोजून सत्तर-ऐंशी लेकरं, त्यात पाच इकडं तिकडं झाली की प्रमाण पार बदलून जातं. गावाचं गावात मोजा, तालुक्याचं तालुक्यात.

आणि सरकारी आकडा कोणी, कशासाठी, कोणत्या व्याख्येनं मोजला हे विचारल्याशिवाय वापरायचा नाही. आपल्याकडं याचं सगळ्यात दुखरं उदाहरण शेतकरी आत्महत्या. अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा, या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. आत्महत्या झालेल्या घराला राज्य सरकारची मदत एक लाखाची, पण त्यासाठी प्रकरण "पात्र" ठरावं लागतं, शेत स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. आता जो दुसऱ्याचं वावर मक्त्यानं किंवा बटईनं करतो, ज्यानं बिनपरवाना सावकाराकडून घेतलं, तो या यादीत कुठं बसतो? आणि जी बाई जन्मभर वावरात राबली पण नाव सासऱ्याच्याच सातबाऱ्यावर राहिलं, तिची नोंद कागदावर बरेचदा गृहिणी म्हणून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर असे दोन वेगळे गट दाखवतो, त्यामुळं त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एकमेकांपुढं ठेवले तर आत्महत्या कमी झाल्या असं खोटंच चित्र उभं राहतं. एखाद्या वर्षी आकडा उतरला तर आधी व्याख्या बदलली का ते बघायचं, मग आनंद मानायचा.

लोकांशी बोलताना

वेळ आधी सांभाळा. जूनमधल्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या वेचणीत कोणालाच वेळ नसतो, अशा वेळी फॉर्म घेऊन उभे राहिलात तर लोक पटपट होय-नाही करून वाटेला लावतात. होळीनंतर ते मे पर्यंतचा काळ बरा, लग्नसराई पण तीच, बोलणं आपोआप त्याच विषयावर येतं.

जागा त्याहून महत्त्वाची. पानठेल्यावर फक्त पुरुष भेटतात आणि तिथं माणूस चार लोकांसमोर जे शोभतं तेच बोलतो. बायांशी बोलायचं तर बचत गटाच्या मीटिंगनंतर, किंवा वावरात जेवणाच्या सुट्टीत, आणि सोबत एखादी मुलगी, मैत्रीण असेल तर फार बरं. गावठाणातच फिरू नका, बौद्धपुऱ्यात जा, तांड्यावर जा, कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, असेल तर तिथं जा. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न वेगळा निघेल, कुठं तर प्रश्नच नसेल, आणि तो का नाही हेही तितकंच लिहिण्यासारखं.

"तुमच्या पोराचं लग्न काऊन नाही झालं" असं कधीच विचारू नका, माय-बाप आधीच जखमी असतात. विचारा की मागच्या दोन-तीन वर्षांत सोयरिकीसाठी कुठं कुठं गेलते, मध्यस्थ कोण होता, तिथं गेल्यावर त्यांनी पहिले काय विचारलं, निरोप कसा आला. मत मागितलं की लोक भाषण देतात, घडलेलं विचारलं की घडलेलं सांगतात. आणि निरोपाचे शब्द जसेच्या तसे लिहा, "पत्रिका नाही जुळली" असा निरोप किती घरी आला ते मोजा, त्यातल्या किती ठिकाणी पत्रिका खरंच पाहिली होती तेही विचारा.

बायोडाटे गोळा करा, व्हॉट्सअॅपवर लग्नाचे ग्रुप आहेत, जातीच्या परिचय मेळाव्यांच्या छापील पुस्तिका आहेत, दहा वर्षांपूर्वीची आणि यंदाची अशा दोन मिळाल्या तर सोनं. एक बायोडाटा जवळून बघा. "शेती ६ एकर ओलीत, विहीर, स्वतःचं पक्कं घर, एकुलता एक, बहिणीचं लग्न झालेलं, व्यवसाय शेती व किराणा." यातला प्रत्येक शब्द हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाणी आहे का, वाटणी होणार का, नणंदेच्या लग्नाचं कर्ज येणार का, महिन्याला रोख पैसा हातात पडतो का. किराणा दुकान म्हणजे चार डबे असतील, पण "शेती" हा एकटा शब्द लिहायची भीती वाटते हे त्यातून दिसतं. पुस्तिकेतल्या अपेक्षांच्या रकान्यात "शेती चालेल" किती पोरींच्या घरच्यांनी लिहिलं ते मोजा, ज्यांचं स्वतःचं घर शेतीवर चालतं त्यांनी तरी लिहिलंय का ते वेगळं मोजा.

आता नखऱ्यांचं. एका वेचणीच्या वावरात एका बाईनं मला सांगितलेलं मी तसंच ठेवतो, "म्या पंचवीस वर्ष निंदलं, वेचलं, शेण काढलं. सातबाऱ्यावर माह्यं नाव नाही, सोसायटीत माह्यं नाव नाही. पोरीले तेच देऊ का मी?" हे ऐकल्यावर "अपेक्षा वाढल्या" या शब्दाखाली काय आहे ते कळतं. पोरगी आणि तिची माय मिळून एक हिशोब करून राहिल्या आहेत. कंपनीतला बारा-पंधरा हजाराचा पगार कमीच आहे, पण तो एक तारखेला येतो, आणि त्या घरात सुनेला उन्हात राबावं लागत नाही. कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून, पण गावात तलाठ्याकडं जाऊन विचारा की किती बहिणींनी हक्कसोड करून दिलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करण्यासाठी लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन इथंच विदर्भातही चालवलं होतं, तुमच्या गावात तेव्हा कोणी जमीन नावावर केली होती का, आणि त्या घरच्या पोरांचं पुढं काय झालं, हा एकटाच विषय एमएच्या प्रबंधाला पुरेल.

बोलता बोलता कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर वही बंद करा. ती माहिती नाही, तो माणूस आहे. घरच्यांना, आशाताईला सांगा, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर द्या, नुसता नंबर देऊन निघून येऊ नका, तुमच्यासमोर लावून द्या.

बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध हातात घ्या

थिअरी म्हटलं की पोरं घाबरतात आणि मग गाईडमधून कार्यवाद, संघर्षवाद, स्त्रीवाद असे तीन परिच्छेद उतरवून देतात, ज्याचा पुढच्या पानाशी काही संबंध नसतो. मी म्हणतो एकच घ्या पण तो आपल्या विषयाला घट्ट लावा. या विषयासाठी माझ्या मते सगळ्यात कामाचं आहे ते डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेलं भारतातल्या जातींवरचं टिपण.

त्यांचं म्हणणं असं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. पण एकदा गटाची दारं बंद केली की गटाच्या आत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बाया यांची संख्या बरोबर राखावी लागते, नाहीतर लोक बाहेर जोडीदार शोधतील आणि भिंत पडेल. नवरा मेला की बाई उरते, बायको मेली की माणूस उरतो. उरलेल्या बाईचं काय करायचं, तर सती नाहीतर सक्तीचं वैधव्य. उरलेल्या माणसाला जाळता येत नाही, तो पुरुष आहे, मग त्याला एकतर ब्रह्मचारी ठेवायचं नाहीतर लग्नाच्या वयाला न आलेल्या पोरींतून बायको द्यायची. म्हणून बालविवाह. शंभरावर वर्षं झाली या निबंधाला, आणि आज आपल्या गावातला बिनलग्नाचा पोट्टा हा त्याच हिशोबातला उरलेला पुरुष आहे.

हे डोक्यात ठेवून वही परत उघडा, नवीन प्रश्न दिसायला लागतात. सगळे म्हणतात पोरी नाहीत, तर मग गावातल्या तरुण विधवांना मागणं येतं का? ज्या घरी कर्त्या माणसानं आत्महत्या केली आणि पंचविशीतली बाई दोन लेकरांसह उरली, तिच्याकडं किती सोयरिकी आल्या? ज्या पोट्ट्याला पाच वर्षं पोरगी भेटत नाही त्याच्या घरी "विधवा, घटस्फोटित चालेल का" असं विचारलं तर काय उत्तर येतं? परजातीतली चालेल का, आणि परराज्यातून मध्यस्थाला पैसे देऊन आणलेली, जिची जात कोणी विचारतच नाही, ती कशी चालते? पोरींचा तुटवडा एवढा मोठा असूनही कोणत्या भिंती पडतात आणि कोणत्या तशाच उभ्या राहतात, हे मोजलं तर तुमच्या अभ्यासात असं काही येईल जे गाईडमध्ये नाही.

आणि उरलेल्या पुरुषाची दुसरी वाट बालविवाहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे एकीकडं पोरगी भेटत नाही आणि दुसरीकडं पाचातल्या एकीचं लग्न तिचं वय व्हायच्या आधी लागून जातं. कोणाच्या घरच्या पोरी या? भूमिहीन? कामासाठी स्थलांतर करणारे? तुमच्या गावात शोधा, पण इथं पोलीस बनून जाऊ नका, शाळेच्या रजिस्टरमधून, अंगणवाडीतून, आशाताईकडून सावकाश.

एक शेवटचा चष्मा, हा प्रश्न "प्रश्न" म्हणून कोणी मांडला. स्पेक्टर आणि किटसुसे या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये म्हटलं की सामाजिक प्रश्न आपोआप उभा राहत नाही, कोणीतरी मागणी करतो, तक्रार करतो, तेव्हा तो बनतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाचे तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेले, गर्भलिंग निदान कायद्याची कडक अंमलबजावणी करा ही त्यांची मागणी होती, सगळ्या पेपरात आलं. चांगलंच झालं. पण सतराव्या वर्षी लग्न लागलेल्या पोरीचा मोर्चा निघतो का, विधवा बाईचा सोयरिकीसाठी मोर्चा निघेल का? ज्याचा आवाज जातो त्याचा प्रश्न होतो आणि ज्याचा जात नाही त्याचं नशीब म्हणून सोडून देतात, म्हणून अभ्यासात एक यादी अशीही ठेवा की या विषयावर गावात कोण अजिबात बोलत नाही.

लिहिताना

नुसती नावं बदलून भागत नाही. "तेहतीस वर्षांचा, दोन भाऊ, बाप वारलेला, पाच एकर, घर नाल्याजवळ" एवढं लिहिलं की अख्ख्या पंचक्रोशीला माणूस कळतो आणि त्याची उरलीसुरली सोयरिकही जाते. गावाचं नाव बदला, एकर गोल करा, एका घराचे सगळे तपशील एका जागी आणू नका, जातीचा उल्लेख गटाबद्दल बोलताना करा, एका घराबद्दल बोलताना टाळा. बोलण्याआधी हे कशासाठी आहे ते सांगून परवानगी घ्या, आणि नंतर कोणी म्हटलं की माझं काढून टाका तर काढा, वाद नाही.

"यावरून असे सिद्ध होते" हे वाक्य टाळा. एका गावाच्या शंभर ओळींवरून एवढंच म्हणता येतं की या गावात ओलितवाल्यांचं आणि कोरडवाहूवाल्यांचं प्रमाण इतकं इतकं वेगळं आहे, त्याचं एक कारण हे असू शकतं, आणि दुसरं हेही असू शकतं जे मी तपासलं नाही. ही कमजोरी नाही, मार्क देणाऱ्यालाही हेच आवडतं आणि पुढं कोणाला काम करायचं असेल तर त्याला धागा मिळतो.

जमा करण्याआधी गावात वाचून दाखवा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, आधी तिथं वाचा, पुरुषांच्या सभेत ज्या बोलणार नाहीत त्या तिथं बोलतील. कोणी म्हणेल हे साफ चूक आहे, तर ते खोडू नका, त्याचं म्हणणं त्याच पानावर खाली लिहा. आणि कॉपी ग्रामपंचायतीत ठेवा, अंगणवाडीत एक द्या, बचत गटाला एक द्या, ज्या मायनं वावरात जेवण सोडून तुमच्याशी तासभर बोलली तिच्या घरी जाऊन तिच्या भाषेत दोन गोष्टी सांगा की यातून काय निघालं.